दहापैकी साडेआठ

गेली २२ वर्षं मी आकड्यांच्या संगतीत काढली आहेत. बँकेच्या काउंटरच्या ज्या बाजूला पंख्याचं वारं पोचत नाही, त्या बाजूला मी बसतो. दिवसभर लोक माझ्यापुढे आकडे टाकतात, मी ते कॉम्प्युटरात टाकतो आणि संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे जुळले की घरी जातो. नाही जुळले तर घरी फोन करतो. 'आज टॅली नाही' एवढं सांगितलं की सौभाग्यवती कुकर उशिरा लावतात. तेव्हा आकड्यांबद्दल माझ्या मनात काही अढी असेल, असा संशय कुणी घेऊ नये. उलट आकड्याइतका सभ्य प्राणी मी पाहिलेला नाही. ठेवाल तिथे बसतो, मधेच बोलत नाही आणि आधार कार्डाची झेरॉक्स मागितली तर 'परवाच दिली होती' म्हणून अंगावर येत नाही.

आणि म्हणूनच सांगतो. परीक्षणाच्या खाली उजव्या कोपऱ्यात, एका चौकटीत, जो आकडा छापतात ना, 'दहापैकी साडेआठ' किंवा 'पाचपैकी साडेतीन तारे', तो आकडा नव्हेच. आकड्याचा सदरा घालून आलेला तो कुणीतरी भलताच इसम आहे. त्याची ओळख पटवल्याशिवाय त्याला एक पैसाही देऊ नये.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः दीड वर्ष हे पाप केलं आहे.

त्याचं असं झालं. एका साप्ताहिक पुरवणीच्या संपादकांचं खातं आमच्या शाखेत आहे. जेवणाच्या सुट्टीत ते पासबुक भरायला आले (माणसं नेमकी तेव्हाच येतात) आणि माझ्या डब्याशेजारी टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर त्यांची नजर गेली.

"काय पाहताय?"

"अ‍ॅनिमे."

"म्हणजे ती जपानी कार्टून?"

मी मान डोलावली, कारण तोंडात मेथीची भाजी होती. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. चाळिशी ओलांडलेली, चष्म्याचा नंबर वाढलेला, डोक्यावर मधोमध एन.ए. न झालेल्या प्लॉटसारखी मोकळी जागा. "आम्हाला अगदी असाच माणूस हवा होता," ते म्हणाले. "तरुण पोरं लिहितात त्यातलं आम्हाला काही कळत नाही, आणि आमच्याकडच्या ज्येष्ठांना ह्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही व्हिडिओ गेमवरही लिहाल का?" मानधनाचं विचारायचा मोह मी आवरला. ते बरंच झालं, कारण मानधन नव्हतं.

ह्या कामासाठी माझी लायकी काय, असं कुणी विचारील. लायकी होती. आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याची शेड, आत अंधार, आणि एका रुपयाला एक डाव. दळणाच्या सुट्ट्या पैशांतून मी तिथे जे शिक्षण घेतलं, त्याचा खर्च घरच्यांना आजतागायत कळलेला नाही. पुढे काकांनी मुंबईहून टीव्हीला जोडायचा गेम आणला. त्याच्याबरोबर एक पिवळी कॅसेट होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, '९९९९ इन १'. नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ! मी आणि धाकटा भाऊ मे महिन्याच्या सुट्टीत दोनशे पानी वही घेऊन मोजायला बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणी संपली. खेळ भरले सात. बाकी सगळे तेच. कुठे नाव बदललेलं, कुठे गडी तिसऱ्या पायरीपासून सुरू होणारा, कुठे नुसता आभाळाचा रंग वेगळा. बँकेत लागल्यावर 'फुगवलेला ताळेबंद' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती पिवळी कॅसेट उभी राहिली. छापलेल्या आकड्याकडे संशयानं पाहायला मला कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं नाही, तिनं शिकवलं आहे.

अ‍ॅनिमेचंही तेच. माझ्या वयाची जी माणसं आज 'ही जपानी कार्टून पोरांना बिघडवतात' म्हणतात, त्यांनी जरा आठवून पाहावं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं तेव्हा आपण आंघोळ पुढे ढकलून कुणासमोर बसत होतो? शीर्षकगीत गुलजारांचं, शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. तो मोगली आपल्याच मध्य प्रदेशातला, ह्याबद्दल आम्हाला तीळमात्र शंका नव्हती. तो १९८९ साली जपानात, निप्पॉन अ‍ॅनिमेशन ह्या कंपनीत घडला, हे मला कळलं तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती. तेव्हा आमची पिढी बिघडायची ती त्याच वेळी बिघडून चुकली आहे.

तर मी पहिलं परीक्षण लिहिलं. चार रात्री जागून, कच्चं, पक्कं, शुद्ध. संपादकांचा फोन आला. "छान झालंय. पण तारे कुठायत?"

"अहो, काय आवडलं, काय नाही, सगळं लेखात आहे."

"लेख कोण वाचतो?" संपादक म्हणाले.

ज्या गृहस्थांचं पोट लेख छापण्यावर चालतं, त्यांनी हे म्हणावं! पण मी नवखा होतो. तारे द्यायला लागलो. ते कसे द्यायचो, तेही सांगून टाकतो. रात्री पावणेअकराला लेख संपायचा. मग मी खुर्चीत मागे रेलून पोटाला विचारायचो, 'किती?' पोट म्हणायचं, 'साडेतीन.' त्या रात्री भरली वांगी झाली असली तर चार. बी.कॉम.ला आम्हाला स्टॅटिस्टिक्सचा पेपर होता. त्यात नमुना कसा निवडावा, सरासरी कशी काढावी, चूक किती धरावी, सगळं होतं. भरल्या वांग्यांचं प्रकरण मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

सहा महिन्यांत माझ्या ध्यानात आलं की मी तीनच्या खाली कधी जातच नाही. आमच्या बँकेच्या गोपनीय अहवालाचंही तसंच आहे. त्यात पाच रकाने असतात, पण सगळ्यांना 'अत्युत्तम' मिळतं. नुसतं 'समाधानकारक' मिळालं, तर त्या माणसाची बढती गेली असं समजून लोक त्याला चहा पाजतात. गेमच्या परीक्षणांत नेमकं हेच चालतं. पट्टी दहाची, पण वावर सगळा सात ते साडेनऊच्या मधे. दहा मजली इमारत बांधायची आणि खालचे सहा मजले कुलूप लावून ठेवायचे! 'सहा' मिळालेला गेम खरं तर पहिल्या वर्गात पास झालेला असतो. पण त्याच्या घरी सुतक असतं.

हा आकड्यांचा नाद जुना आहे. जपानात 'फामित्सु' नावाचं गेमचं नियतकालिक १९८६ पासून निघतं. त्यात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चाळिसात बेरीज होते. पूर्ण चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली, 'झेल्डा'मालिकेतल्या 'ऑकरिना ऑफ टाइम'ला. ह्या पद्धतीत निदान चार माणसं असतात आणि कुणी किती दिले ते समोर दिसतं. चाळीसपैकी पस्तीस म्हटलं, तर ते एकानं पाच आणि बाकीच्यांनी दहा-दहा दिल्यामुळे झालेत, की सगळ्यांनीच हात राखून दिलेत, हे पाहता येतं. व्हाउचर जोडलेलं आहे म्हणा ना.

पण २००१ मध्ये अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' निघालं. जगभरच्या परीक्षणांतले आकडे गोळा करायचे, शंभराच्या पट्टीवर आणायचे आणि सरासरी काढायची. तीही साधी नव्हे, भारित सरासरी. म्हणजे एका परीक्षकाच्या शब्दाला वजन जास्त, दुसऱ्याच्या कमी. कुणाचं वजन किती, हे मात्र ते सांगत नाहीत. वाचकहो, उद्या मी ऑडिटरला म्हटलं, 'साहेब, ही एकूण शिल्लक बरोबर आहे, पण कुठली रक्कम किती पटीनं धरली ते विचारू नका', तर माझी पुढची बदली कुठे होईल, हे मला सांगता येणार नाही. तिथे पोचायला एस.टी. असेल की नाही, ह्याचीच मला शंका आहे.

आणि हा आकडा नुसता शोभेचा असता तर मी बोललोही नसतो. त्यावर माणसांचे पगार अडकतात. 'फॉलआउट: न्यू वेगास' हा गेम २०१० मध्ये आला. तो ज्यांनी बनवला त्या ऑब्सिडियन कंपनीचा प्रकाशकांशी करार असा होता की बनवल्याचे ठरावीक पैसे मिळतील, विक्रीतला वाटा नाही. मात्र मेटाक्रिटिकवर ८५ किंवा त्याहून जास्त आले तर बोनस. आकडा थांबला ८४ वर. बोनस गेला. ऑब्सिडियनच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोननं २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं, तेव्हा कुठे जगाला कळलं. गेममध्ये दोष होते, नाही असं नाही. सुरुवातीला तो जागोजाग अडकून बसायचा. पण आज इतक्या वर्षांनीही लोक तो आवडीनं खेळतात. ८५ च्या पुढचे कित्येक गेम आज कुणाच्या स्वप्नातही येत नाहीत.

८४ आणि ८५! हा फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दहावीच्या निकालानंतर कॉलेजच्या फाटकावर याद्या लागायच्या, तिथे वडलांचा हात धरून जो उभा राहिला आहे, त्याला हा एक मार्क पोटात कुठे लागतो ते ठाऊक आहे. माझं सायन्स एका मार्कानं हुकलं. म्हणून मी कॉमर्सला गेलो, म्हणून बँकेत आलो. माझ्या मराठीच्या पेपरात निबंधाचा एक मार्क ज्यांनी कापला, ते गृहस्थ कोण, त्यांना काय खटकलं, मला कधीच कळलं नाही. एका परीनं त्यांचे उपकारच आहेत. नाहीतर मी आज इंजिनियर होऊन बंगळुरात सिग्नलला उभा असतो. पण समासात दोन शब्द तरी लिहायला हवे होते. 'शेवट गुंडाळला आहे' एवढं लिहिलं असतं, तरी मी तीस वर्षं त्या निबंधाचा शेवट मनात पुन्हापुन्हा लिहीत बसलो नसतो.

आता माझ्या पापाकडे येतो. बँकेत एक नियम आहे. एकानं एन्ट्री करायची, दुसऱ्यानं तपासून पास करायची. पास करणाऱ्यानं कागद पाहिल्याशिवाय सही करायची नाही. 'ओळखीचा माणूस आहे, कर रे' म्हणून केलेल्या सहीपायी चांगली चांगली माणसं सस्पेंड झालेली मी पाहिली आहेत. हा नियम मी २२ वर्षं काउंटरवर पाळला आणि पुरवणीत मोडला.

'पुएला मागी मादोका मागिका' ही २०११ सालची मालिका. भाग फक्त बारा. मार्च महिना होता, बँकेत वर्षअखेर, डोकं वर काढायला फुरसत नाही. मी दोन भाग पाहिले. शाळकरी मुली, गुलाबी केस, फुलाफुलांचे फ्रॉक, जादू, एक मांजरासारखा गोंडस प्राणी. मी लिहून टाकलं, 'आठ वर्षांपुढच्या मुलींसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत गोड मेजवानी. साडेतीन तारे.' ज्यांनी ती मालिका पाहिली आहे ते आत्ता कपाळावर हात मारत असतील. ज्यांनी पाहिली नाही त्यांना एवढंच सांगतो की तिसरा भाग पाहायला हवा होता. तिसऱ्या भागाच्या शेवटी जे घडतं, ते पाहून मी, गृहकर्ज असलेला प्रौढ माणूस, पाणी प्यायला उठलो. पण हे महिन्याभरानं. त्याआधीच कार्यालयात एका बाईंचा फोन गेला होता. माझं परीक्षण वाचून त्यांनी आठ वर्षांच्या मुलीला मालिका लावून दिली आणि स्वतः स्वयंपाकाला गेल्या. आठवडा झाला, पोर दिवा घालवू देत नाही. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं होतं, "त्यांनी स्वतः पाहिलं होतं का हो?"

संपादकांनी हसत हसत मला ते सांगितलं. मला हसू आलं नाही. आमच्या धंद्यात ह्याला 'न पाहता पास करणे' म्हणतात आणि त्याची चौकशी लागते.

मी एकटाच असतो तर माझ्यापुरतं प्रायश्चित्त घेऊन गप्प बसलो असतो. पण मोठमोठ्यांकडेही तेच. १० डिसेंबर २०२० ला पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा 'सायबरपंक २०७७' आला. परीक्षकांना आधी जी प्रत दिली होती ती कॉम्प्युटरवरची. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो कसा चालतो, ते पाहायलाच मिळालं नव्हतं. चित्रफीत दाखवायची तर कंपनीनं दिलेलीच दाखवा, स्वतः टिपलेली नको, अशी अट. तरी आकडे पडले, तेही भरघोस. मग लोकांनी घरी जुन्या यंत्रांवर लावला तर माणसं हवेत तरंगताहेत, गेम मधेच बंद पडतोय. आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. आमच्याकडे तारण मालाची तपासणी असते. गोदामात स्वतः जायचं, मागच्या रांगेतली पोती हातानं चाचपायची. कारण पुढच्या रांगेत साखर आणि मागे भुसा, असा प्रकार ह्या देशात पूर्वापार आहे. कर्जदार म्हणाला, 'साहेब, उन्हाचं कशाला येता, मी गोदामाचे फोटो आणलेत', आणि मी फोटो बघून शेरा मारला, तर? ह्या प्रकरणात कंपनीनं एक गोष्ट बरी केली, तीही नोंदवतो. नोकरांचा बोनस आधी नव्वदीच्या आकड्याशी बांधला होता म्हणे. गोंधळ झाल्यावर ती अट काढून टाकली आणि बोनस दिला.

वाचक-प्रेक्षक तरी कुठे कमी आहेत? जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आला. हा गेम संपवायला वीस-पंचवीस तास सहज लागतात. पण बाजारात आल्यावर काही तासांतच हजारो लोकांनी त्याला शून्य गुण देऊन ठेवले. शेवटी मेटाक्रिटिकनं नियम केला की गेम आल्यापासून ३६ तास तरी सामान्य खेळाडूंनी गुण देऊ नयेत. चेक वटायला वेळ लागतो, तोवर पैसे काढता येत नाहीत, हे कळायला त्यांना एकोणीस वर्षं लागली. आमच्या हेड कॅशियरना विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

माझं हे म्हणणं मी जिथे जिथे मांडतो, तिथे एक शहाणा उठतो आणि म्हणतो, 'अहो, पण वेळ कुणाला आहे? नवा गेम चार-पाच हजाराला पडतो. घ्यायचा की नाही एवढं सांगा!' ह्यातला पैशाचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. चार-पाच हजारांत आमच्या घरचा महिन्याचा किराणा अर्धा होतो. पण म्हणूनच विचारतो, 'साडेआठ' म्हटल्यानं तुम्हाला नक्की काय कळलं? तुमच्या घरच्या जुन्या यंत्रावर तो चालतो का? एकदा पैसे मोजल्यावर आत पुन्हा तलवारीला वेगळे, टोपीला वेगळे मागतो का? किती संध्याकाळी लागतील? बारा वर्षांच्या पोराला द्यावा का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईची जेवायला हाक आली तर मधेच थांबवता येतो का, की उठलं की सगळं पहिल्यापासून? आमच्या घरी ह्या शेवटच्या प्रश्नावर दोन दिवस अबोला झालेला आहे. ह्यातलं एकही उत्तर 'साडेआठ'मध्ये नाही. हे सांगायला फार तर सहा ओळी लागतात. आकड्यानं वाचकाचा वेळ वाचत नाही. वाचतो तो परीक्षकाचा. कारण सहा ओळी लिहायच्या तर गेम खेळावा लागतो आणि आकडा नुसत्या पोटावर काढता येतो.

आता, माझ्या बाजूचं माणूस हरल्याची एक बातमी आहे, ती लपवत नाही. ब्रिटनमधल्या 'युरोगेमर'नं २०१५ मध्ये गुण देणं बंद केलं. मी मनातल्या मनात त्यांना नारळ फोडला. २०२३ मध्ये त्यांनी पाच ताऱ्यांची पद्धत सुरू केली. साहेबालाही निभलं नाही! पण आठ वर्षं तर काढली. आमच्याकडे सिगारेट सोडणारे आठ दिवस काढत नाहीत.

आता शेवटची गोष्ट, आणि ही सांगताना मला थोडं अवघड जातं.

इसाओ ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा १९८८ चा चित्रपट मी मुलीबरोबर पाहिला. ती तेव्हा नववीत. तिची एक वही आहे. पाहिलेल्या प्रत्येक अ‍ॅनिमेचं नाव, तारीख, भाग आणि दहापैकी गुण. रकाने पट्टीनं आखलेले, खाडाखोड केली तर शेजारी सही. खाडाखोडीवर सही लागते, हे तिला मीच शिकवलं आहे. ही वही मी शाखेत नेऊन सगळ्यांना दाखवलेली आहे. असो.

महायुद्धाचं शेवटचं वर्ष, कोबे शहरावर बॉम्ब पडताहेत, आई गेलेली, चौदा वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण. खायला नाही. गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. अकियुकी नोसाका ह्यांनी १९६७ साली लिहिलेल्या कथेवर तो बेतला आहे आणि नोसाकांची स्वतःची लहान बहीण युद्धात उपासमारीनं गेली होती. चित्रपट दीड तासाचा. संपला तेव्हा आम्ही दोघंही बोललो नाही. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. रात्री तिनं ताटात भात टाकला होता, तो तिच्या आईनं झाकून ठेवला होता. तो गार भात तिनं ओट्याशी उभ्याउभ्या संपवला. तिला वाटलं, मी पाहिलं नाही.

मी परीक्षण लिहिलं. त्यात चित्रणाबद्दल लिहिलं, रंगांबद्दल लिहिलं, 'मध्यंतरानंतर गती किंचित मंदावते' असंही लिहिलं. त्या चित्रपटाला मध्यंतर नाही. भाताबद्दल काही लिहिलं नाही. आणि खाली तारे दिले साडेतीन.

रविवारी मुलीनं पुरवणी वाचली. "बाबा, दीड तारा कशाचा कापला?"

मी म्हटलं, "म्हणजे तसा चांगलाच आहे गं, पण..."

"पण काय?"

"पुन्हा पाहवणार नाही."

"म्हणजे फार चांगला केलाय म्हणून मार्क कापले?"

चौकशी समितीपुढे बसल्यासारखं मला झालं. दीड तासाच्या चित्रपटाला दीड तारा. ताशी एक तारा दरानं मी वसुली केली होती आणि तिला व्हाउचर नव्हतं. मी उत्तर म्हणून तिला एक गोष्ट सांगितली. १६ एप्रिल १९८८ ला जपानात हा चित्रपट आला, तो मियाझाकींच्या 'माय नेबर टोटोरो'बरोबर. एकाच खेळात दोन्ही. एक असा की पोरं सकाळी उठून पुन्हा लावा म्हणतात. दुसरा असा की घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. "आता सांग, दोघांना किती-किती द्यायचे? टोटोरो दहा वेळा पाहिला म्हणून दहा, आणि हा एकदाच पाहिला म्हणून एक?"

"मी नाही दिले," ती म्हणाली आणि वही आणून दाखवली. नाव होतं, तारीख होती. गुणांचा रकाना कोरा होता. एवढ्या वर्षांच्या त्या वहीत कोरा राहिलेला तो एकमेव रकाना.

त्या रात्री मी भरल्या पोटी न बसता जेवणाआधी बसलो. त्याच चित्रपटावर पुन्हा लिहिलं, ह्या वेळी भातासकट. आधीचे साडेतीन तारे चुकीनं पडले होते, ते रद्द समजावेत, असं स्वच्छ लिहिलं. चौकट कोरी ठेवावी म्हणून वेगळं पत्र जोडलं, खाली तारीख आणि सही. संपादक भले माणूस, त्यांनी शब्द न बदलता छापलं.

रविवारी अंक आला. लेख पूर्ण होता. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट होती आणि चौकटीत चार तारे होते.

मी फोन केला. पान लावणाऱ्या मुलाला विचारून संपादकांनी सांगितलं, "अहो, जागा मोकळी दिसत होती. त्यानं बिचाऱ्यानं अर्धा वाढवूनच दिलाय!"

"त्यानं चित्रपट पाहिलाय?"

"नाही हो. त्याला वेळ कुठला?"

मी फोन ठेवला. मुलगी अंक घेऊन टेबलाशी बसली होती. तिनं पट्टी घेतली, लाल पेन घेतलं, चारही तारे एका रेघेत खोडले आणि शेजारी बारीक अक्षरांत आपली सही केली.